नदीचा काठ ढासळू नये म्हणून लागवड करताय? आधी पायथा

कुदळी, दोरी, माणसं जमतातच, त्यावर शब्द घालवत नाही. परवानगी आधी काढा.

आता पायथा. नदीला पाणी सर्वांत कमी असेल तेव्हा पात्रात उतरा आणि काठ तळाला टेकतो तिथे हात घालून बघा. आत पोकळी लागली तर वरची लागवड तिथल्या तिथे थांबवा. मागच्या वेळी हेच राहिलं. वर वाळा उत्तम फुटला होता, खालची माती गेली आणि गवतासकट काठ ढासळला.

मुळं माती धरतात, पण पोचतात तिथवरच. हरळी फार तर वरचा थर बांधते. वाळ्याची मुळं चांगल्या जमिनीत 3 मीटरपर्यंत जातात, तरी बारमाही पाण्याखालच्या भागात लावलेलं सहसा टिकत नाही, आणि नदी नेमकी तिथेच पोखरते. म्हणून पायथ्याला मोठे, कोनेदार दगड हवेत. ते तळावर नुसते रचून ठेवू नका! पुरात तळही खरवडला जातो, त्याच्या खालपर्यंत चर खणून बसवा. दगडांमागे खडी आणि जाड रेतीचा थर द्या, नाहीतर फटींतून मागची माती पाण्याबरोबर निघून जाते आणि दगड आत खचतात. खर्च वाचवायचा तर रोपांत वाचवा, पायथ्यात नको.

वळणाची बाहेरची बाजू कापली जाते, आतल्या बाजूला नदी स्वतःच गाळ टाकते. सगळी ताकद बाहेरच्या बाजूला लावा.

उभ्या दरडीवर काही जगत नाही. 1 मीटर उंचीला 2 मीटर आडवं असा उतार काढा, पण पायथा पक्का झाल्यावरच. आधी उतार काढलात तर पहिल्याच पुरात ती भुसभुशीत माती नदीला आयती मिळते.

पाण्यालगत शेरणी (नदीपात्रात वाढणारं झुडूप) आणि वाळुंज (नदीकाठचं झाड). वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड फांद्या एक दिवस पाण्यात भिजवून, डोळे वरच्या दिशेला ठेवून, तीन चतुर्थांश जमिनीत ठोका. उलट्या ठोकलेल्या बहुतेक वाळतात. त्याच्या वर वाळ्याचे ठोंब, 10 ते 15 सेंटिमीटरवर, उताराला आडव्या ओळीत. ओळीत खिंडार ठेवू नका: एकट्या ठोंबाभोवती पाणी भोवरा घेतं आणि तिथेच उकरतं. वाळ्याला सावली सोसत नाही, त्यामुळे त्याच्या डोक्यावर झाडं नकोत. करंज, बांबू मागे, सपाटीवर. अगदी कडेला उंच झाड लावलं तर ते वाऱ्याने उन्मळताना काठाचा मोठा लचका घेऊन जातं. बेशरम सहज लागते म्हणून लावू नका, ती प्रवाहच अडवते.

उघड्या मातीवर काथ्याची जाळी. कामाची दोन्ही टोकं पक्क्या काठात खोल शिरवा, नाहीतर पाणी मागून घुसतं. गुरं-शेळ्यांना कुंपण. पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्या.

पूर चढताना सगळे काठावर धावतात. ओसरताना मात्र कोणी बघत नाही, आणि काठ तेव्हाच कोसळतो: माती पाण्याने जड झालेली असते, समोरचा पाण्याचा आधार गेलेला असतो. तेव्हा कडेवर उभे राहू नका. पाणी उतरलं, काठ निथळला की पायथा पुन्हा चाचपा, सरकलेले दगड बसवा. मग मेलेल्या ठोंबांच्या जागी नवे, पुढच्या पुराआधी मुळं धरतील इतक्या लवकर.