भीमा-सीनेचं पाणी तपासायचं कसं: आधी प्राणवायूची बाटली नीट भरा

नदीत उतरून आंघोळ करावी का, आणि तिच्यात मासा जगेल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मुख्यतः जंतूंच्या तपासणीत असतं, दुसऱ्याचं विरघळलेल्या प्राणवायूत. घरच्या आरओचं पाणी तपासायचं टीडीएस मीटर पात्रात बुडवून यातलं काहीच कळत नाही. ते फक्त क्षार दाखवतं. मैलापाणी मिसळलेल्या नाल्याचा टीडीएस गावच्या खाऱ्या बोअरपेक्षा कमी भरू शकतो, म्हणून तो नाला आंघोळीच्या लायकीचा होत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीतले आकडे समोर ठेवा. आंघोळीसाठी पीएच ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (घाण कुजवताना जिवाणू जेवढा प्राणवायू वापरतात तो) लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. मैलाजन्य कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, १०० मिलिलिटरमागे ५०० पर्यंत असावेत आणि २५०० च्या वर कधीच जाऊ नयेत. मासे आणि इतर जलचरांसाठी पीएच तोच, प्राणवायू किमान ४ आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत.

जागा ठरवताना एकाच ठिकाणचं पाणी घेऊन नदीवर शेरा मारू नका. पंढरपुरात घाटांच्या वर, घाटापाशी आणि खाली अशा तीन जागा लागतातच, नाहीतर घाण वरून आली की घाटावर मिसळली हे सांगता येत नाही. हत्तरसंग-कुडलला सीना भीमेला मिळते. तिथे दोन्ही नद्यांचं पाणी संगमाच्या वर वेगवेगळं घ्या आणि तिसरा नमुना बराच खाली जाऊन घ्या. संगमापाशीच घेतला तर दोन प्रवाह कडेकडेनं न मिसळता वाहत असतात आणि तुमच्या बाटलीत त्यातला एकच येतो. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फुगवट्यात वरचं आणि तळाचं पाणी वेगळं असतं, तिथे दोन नमुने घ्या.

वेळ पहाटेची, सूर्य वर यायच्या आत. यात सवलत नाही. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात आणि रात्रभर तोच वापरतात. त्यामुळे हिरव्यागार संथ डोहात दुपारी तीनला १२ मिलिग्रॅम भरणारं पाणी पहाटे पाचला २ वर आलेलं असू शकतं. मासे मरतात ते पहाटे. ‘दुपारी निवांत जाऊन या’ असं सांगणारा माणूस तुम्हाला नदीची सगळ्यात चांगली वेळ दाखवतो.

आता प्राणवायूची बाटली. विरघळलेला प्राणवायू रसायनांनी मोजायची ही विंकलर पद्धत आहे आणि बहुतेकांचं मोजमाप इथेच फसतं, तेही प्रयोगशाळेत नव्हे, काठावर.

३०० मिलिलिटरची काचेच्या बुचाची बीओडी बाटली घ्या. बादलीनं पाणी काढून बाटलीत ओतू नका. ओतताना हवा मिसळते, आणि पाणी जितकं खराब तितकी ही चूक मोठी, कारण प्राणवायू संपलेलं पाणी हवा भराभर ओढून घेतं. म्हणजे नेमकं जिथे धोका आहे तिथेच आकडा चांगला येतो. गुडघाभर पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा, गाळ बसू द्या. बाटली तिरकी धरून वीतभर खाली न्या आणि हळूहळू भरू द्या. भरली की पाण्याखालीच बोटानं टिचक्या मारून काचेला चिकटलेले बुडबुडे सोडवा आणि बूचही पाण्याखालीच लावा. वर काढून उलटी करून बघा. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी बाटली रिकामी करून पुन्हा भरा.

त्यानंतर घरी जायचं नाही. काठावरच, लगेच, बूच काढून २ मिलिलिटर मँगनस सल्फेट आणि त्यापाठोपाठ २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अ‍ॅझाइड घाला. पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली ठेवा. दोन रसायनांना दोन पिपेट, आणि प्रत्येक वापरानंतर धुवायचं. अल्कलीचं पिपेट मँगनीजच्या बाटलीत गेलं तर ती बाटली फेकावी लागते. बूच लावताना थोडं पाणी सांडेल, सांडू द्या, पण हवा अडकू देऊ नका. बाटली दहा-पंधरा वेळा उलटसुलट करा. तपकिरी साका आला तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही, आणि हे उत्तर तुम्हाला पुढची कुठलीही मोजणी न करता काठावरच मिळालेलं असतं. साका अर्ध्यापर्यंत बसला की पुन्हा एकदा हलवा. मग तीव्र गंधकाम्ल २ मिलिलिटर, बाटलीच्या मानेच्या आतल्या कडेनं. बूच लावून साका विरघळेपर्यंत फिरवा, पाणी सोनेरी-पिवळं होईल. आता नमुना बांधला गेला, म्हणजे त्यातला प्राणवायूचा आकडा वाटेत बदलत नाही. तो अंधारात, थंड ठेवून काही तासांत मोजता येतो. हे न करता नुसतं पाणी बर्फात घालून सोलापूरला आणलं तर जिवाणू वाटेत प्राणवायू खात राहतात आणि तुम्ही प्रवासानंतरचा आकडा नदीच्या नावावर टाकता.

हातमोजे आणि चष्मा लागतोच. अ‍ॅझाइड विषारी आहे, आम्लात मिसळलं की घातक वायू सुटतो, म्हणून काम उघड्यावर करा. उरलेलं नदीत किंवा मोरीत ओतायचं नाही. एका कॅनमध्ये साठवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेकडे द्या. रसायनंही तिथूनच तयार करून घेतलेली बरी. शाळेतल्या लहान मुलांच्या हाती ही पद्धत देऊ नये.

मोजणीत २०३ मिलिलिटर नमुना घ्या, ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटनं टायट्रेट करा, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबथेंब घालून किती लागलं ते मोजा. जितके मिलिलिटर थायोसल्फेट, तितके मिलिग्रॅम प्राणवायू दर लिटरला. स्टार्च सुरुवातीलाच टाकू नका. रंग फिकट गवती झाल्यावरच टाका, नाहीतर स्टार्च आयोडीन धरून बसतो आणि शेवटचा थेंब कळत नाही. निळा रंग पहिल्यांदा गेला तिथे थांबा, तो परत आला तरी मोजू नका. थायोसल्फेट ठेवून ठेवून कमजोर होतं, तेव्हा दर आठवड्याला त्याची ताकद तपासून घ्या.

आकडा खरा आहे का, हे तापमानावरून ताडा. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर आहे. इथे ३० अंशाच्या पाण्यात हवेमुळे विरघळू शकणारा प्राणवायू ७ मिलिग्रॅमच्या थोडा वर असतो, २५ अंशाला ८ च्या थोडा खाली. एप्रिलच्या पहाटे संथ पाण्यात ९ आला तर बहुधा बाटलीत हवा गेली आहे. पुराच्या गढूळ लाल पाण्यात ही पद्धत नीट चालत नाही, तिथे ऑप्टिकल डीओ (विरघळलेला प्राणवायू) मीटर वापरा, तोही या उंचीला जुळवून.

बाकीचं सोपं आहे. पीएच मीटरनं, त्याच सकाळी बफरवर, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणावर, जुळवून. तापमान पाण्यात, सावलीत.

अमोनियाच्या किटचा आकडा बहुधा एकूण अमोनियाचा असतो. माशाला मारतो तो त्यातला मुक्त भाग, आणि तो पीएचवर अवलंबून असतो: २५ अंशाला पीएच ७ असताना एकूणच्या अर्धा टक्का, ८ ला पाच टक्क्यांच्या आसपास, ९ ला तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त. शेवाळानं दुपारी पीएच चढतो, म्हणून हा एक नमुना मात्र दुपारीही घ्या.

जंतूंचा नमुना प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत. तोंड खाली करून बुडवा, पाण्यातच तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला वळवा, थोडी जागा रिकामी ठेवा, बर्फात घालून सहा तासांत पोहोचवा. जंतू असले की काळी पडणारी एच-टू-एस चाचणीची बाटली विहिरीसाठी ठीक. नदीचं पाणी ती जवळजवळ नेहमीच काळी करतं आणि जंतू किती ते सांगत नाही. आषाढीच्या आधी आणि नंतर पंढरपूरला हा नमुना घ्यायलाच हवा. पाण्यावर हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा तवंग साचला असेल तर तपासणीची वाट न बघता माणसं आणि जनावरं दोन्ही बाहेर ठेवा, नील-हरित शेवाळाची विषं यकृतावर जातात.

वहीत जागा, वेळ, तापमान, वास आणि उजनी धरणातून पाणी सोडलं होतं का, एवढं लिहा. शेवटची नोंद विसरली की आकड्याचा अर्थ लागत नाही, कारण सोडलेल्या पाण्याचा पहिला लोट बंधाऱ्यांमागचं कुजकं पाणी पुढे ढकलत येतो.

सलग पहाटे प्राणवायू ४ च्या खाली आला तर आकडे, वेळा आणि फोटो घेऊन महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. कारखान्याच्या नाल्यावर कारवाईसाठी तुमची बाटली पुरावा ठरत नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना मंडळानं सूचना देऊन, सील करून घ्यावा लागतो. म्हणून तक्रारीत ‘नदी घाण आहे’ असं मोघम लिहू नका. कुठल्या जागी, किती वाजता नमुना घ्यायला यावं, ते लिहा.