शाळकरी मुलांची झोप: या चुका टाळा

सकाळी सव्वासहाला तोंडात ब्रश तसाच धरून, बेसिनला टेकून उभ्या उभ्या पेंगणारे मूल दिसले की आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. माझ्या मुलीला मीही कित्येक महिने तेच ऐकवत होतो आणि ती रात्री किती वाजता झोपते, याचा हिशेब मात्र कधीच मांडला नव्हता. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१६ सालच्या शिफारशीनुसार सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. म्हणजे सकाळी सहाला उठणाऱ्या तिसरीतल्या मुलाचा डोळा रात्री नऊपर्यंत लागलेला असला, तरच त्याची किमान गरज भागते. उठण्याची वेळ ठरवायची आणि झोपण्याची वेळ घरच्या सोयीवर सोडायची, ही पहिली आणि सर्वांत मोठी चूक आहे.

ही चूक बहुधा स्वयंपाकघरात सुरू होते. बाबा साडेनऊला घरी येणार, मग सगळ्यांची पाने एकदम मांडायची, त्यानंतर थोडा वेळ टीव्ही, आणि पावणेअकराला आठवते की उद्याच्या चाचणीच्या वहीवर अजून सही घ्यायची राहिली आहे. एकत्र जेवणाचा आग्रह मलाही प्रिय आहे, पण तो सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवावा. एरवी मुलांना साडेसात-आठपर्यंत वरण-भात वाढून द्यावा आणि दप्तर, वही, गणवेश हे सारे जेवणाआधीच आवरून घ्यावे.

दुसरी चूक अंथरुणातल्या मोबाइलची. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीराला रात्रीची चाहूल लागते. डोळ्यांवर पडणारा प्रखर उजेड हा स्राव दाबतो, आणि लहान मुलांमध्ये हा परिणाम मोठ्यांपेक्षा अधिक होतो. म्हणून झोपण्यापूर्वी किमान तासभर मोबाइल बंद ठेवावा, तोही घरातल्या सर्वांनी, कारण आई-वडील शेजारी स्क्रोल करत असताना मुलाला डोळे मिट म्हणणे त्याला पटत नाही.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय घेतला तो मुलांच्या झोपेचा विचार करूनच. मात्र शाळा उशिरा भरते म्हणून रात्रीचे जागरणही तेवढेच लांबवले, तर मुलाच्या पदरात काहीच पडत नाही. रविवारी दहापर्यंत झोपू देण्याचेही तसेच आहे. शरीराचे घड्याळ पुढे सरकते, रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवारची सकाळ रडारडीत जाते. तासाभरापेक्षा जास्त फरक पडू देऊ नये. संध्याकाळचा चहा आणि शिकवणीहून आल्यावरची दोन तासांची डुलकीही टाळावी.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागवून घोकंपट्टी करून घेणे हे मला सर्वांत जास्त खटकते, कारण दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसण्याचे काम झोपेतच होते.

अपुरी झोप झालेले मूल दिवसभर पेंगेलच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे. पुष्कळदा ते उलट चिडचिड करते, एका जागी बसत नाही, क्षुल्लक कारणावरून भांडते, आणि शाळेतून खोडकरपणाची तक्रार येते.

वेळ पाळूनही मूल थकलेलेच उठत असेल, तर रात्री त्याच्याजवळ बसून नीट ऐकावे. रोज मोठ्याने घोरणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, मध्येच श्वास अडकल्यासारखा होणे, यांमागे टॉन्सिल किंवा नाकामागची ॲडिनॉइड ग्रंथी वाढलेली असू शकते. ‘आजोबांसारखा घोरतो’ म्हणून कौतुक करू नये. दोन मिनिटांचे चित्रीकरण करून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण दवाखान्यात मूल टक्क जागे असते आणि डॉक्टरांना ते घोरणे ऐकायला मिळत नाही.