छतावरच्या सोलरवर गाडी चार्ज करताना

पॅनलची वायर थेट गाडीला जोडता येत नाही, हे आधी स्पष्ट असावे. पॅनलचा डीसी प्रवाह उन्हाप्रमाणे सतत कमीजास्त होतो; म्हणून इन्व्हर्टर त्याचे एसी करतो आणि गाडीतला ऑनबोर्ड चार्जर बॅटरीसाठी पुन्हा डीसी करतो. व्यवहारात ‘थेट’चा अर्थ एवढाच, की घराचा वापर भागून उरलेली वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात, न जाता गाडीत जावी.

त्यासाठी सोलर सरप्लस मोड (फक्त उरलेल्या सौरविजेवर चार्ज करण्याची सोय) असलेला चार्जर घ्यावा आणि त्याचा सीटी क्लॅम्प (वायरीभोवती बसून प्रवाह मोजणारा सेन्सर) मीटरनंतरच्या मुख्य फेज वायरीवर बसवून घ्यावा. क्लॅम्पवरच्या बाणाची दिशा मात्र स्वतः तपासावी, कारण तो उलटा बसला तर चार्जर भर दुपारी गप्प बसतो आणि अंधार पडताच ग्रिडची वीज ओढू लागतो. रात्री गिझर सुरू करून चार्जरच्या ॲपमध्ये ग्रिडमधून होणारी आयात तेवढीच वाढते का, हे पाहिले की खात्री पटते.

खरी अडचण 6 अँपिअरची आहे. एसी चार्जिंगच्या मानकानुसार चार्जर गाडीला याहून कमी करंट देऊ करू शकत नाही, म्हणजे 230 व्होल्टच्या सिंगल फेजवर सुमारे 1.4 किलोवॅट आणि थ्री फेजवर सुमारे 4.1 किलोवॅट शिल्लक असल्याशिवाय निव्वळ सौरविजेवर चार्जिंग सुरूच होत नाही. छतावर तीन-चार किलोवॅटचीच पॅनल असतील, तर थ्री फेज चार्जरही सिंगल फेजवर चालवणे शहाणपणाचे. ढग येताच चार्जिंग तुटू नये, यासाठी बंद होण्यापूर्वी काही मिनिटांचा अवकाश सेटिंगमध्ये ठेवावा. सारखी चालू-बंद झाल्याने चार्जरमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, झिजतो. अगदी किमान करंटवर तासन्‌तास रेंगाळणेही फायद्याचे नाही, कारण चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीची इलेक्ट्रॉनिक्स आपला वाटा खातच असते.

हिशेब सोपा आहे. 100 किलोमीटरला 15 युनिट धरले, तर रोजच्या 40 किलोमीटरला 6 युनिट लागतात. 2 किलोवॅट शिल्लक असेल तर तीन तास, आणि चार्जिंगमधील घट धरून थोडे अधिक. तेव्हा गाडी दुपारी घरी असते का, हा प्रश्न पॅनलच्या संख्येइतकाच महत्त्वाचा.

चार्जरला डीबीतून (घराच्या वितरण बोर्डातून) स्वतंत्र सर्किट, योग्य एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) आणि तपासलेले अर्थिंग हवेच. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. शिवाय साधा ऑन-ग्रिड (ग्रिडला जोडूनच चालणारा) इन्व्हर्टर ग्रिड जाताच सुरक्षेसाठी बंद पडतो, त्यामुळे लखलखीत उन्हातही चार्जिंग थांबते. ते चालू राहायला हवे असेल, तर बॅकअप देणारा हायब्रिड इन्व्हर्टर सुरुवातीलाच निवडावा लागतो.