‘मी इसरूक नाय, येळ लागता’: मेंदूच्या जाळ्यावर काम करू पाहणाऱ्यांसाठी

मानसशास्त्र किंवा संख्याशास्त्र करून आलेली मुलं मला विचारतात, “ताई, आधी काय शिकू? पायथन ही कोडिंगची भाषा की एमआरआय?” माझं उत्तर ऐकून त्यांचे चेहरे पडतात. आधी स्मरणाची, विचारांची चाचणी घ्यायला शिका. समोर म्हातारं माणूस, हातात पेन्सिल आणि स्टॉपवॉच, बस्स.

मी वेंगुर्ल्याची. एमए झाल्यावर मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आजारावरच्या एका प्रकल्पात लागले. या आजारात अर्धांगाचा झटका यायलाच हवा असं नाही. मेंदूत खोलवर जाणाऱ्या बारीक धमन्या वयाने आणि वर्षानुवर्षांच्या ब्लडप्रेशरने जाड, ताठ होतात. फ्लेअर प्रकारच्या एमआरआयवर पांढरे डाग दिसतात, कुठे ३ ते १५ मिलिमीटरची पोकळी सापडते, तिला लॅक्यून म्हणतात. डागांना फाझेकास मोजपट्टीवर ० ते ३ गुण द्यायचे. हे थोड्या सरावाने जमतं. (साठीनंतर थोडेफार डाग पुष्कळांना असतात. घरच्यांचे रिपोर्ट वाचून कुणाला घाबरवत बसू नका.)

चाचणी मात्र सरावाने लगेच जमत नाही. पहिल्याच महिन्यात मासळीबाजारात बसणाऱ्या एक काकी आल्या. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी सोडलेली. मुलगा म्हणाला, आई विसरते. मी मोका ही स्मरण, लक्ष वगैरे तपासणारी चाचणी घेतली. ती ३० गुणांची असते, आणि ती घ्यायला रीतसर प्रशिक्षण लागतं. पाच शब्द सांगितले, काही मिनिटांनी विचारले. दोनच आले. मी पुढे सरकणार तेवढ्यात शेजारी बसलेल्या सीनियरने खूण केली. मग एकेका शब्दाचा इशारा दिला, “हा शरीराचा एक भाग होता,” वगैरे. उरलेले तिन्ही आले. इशाऱ्याने आलेल्या शब्दांना गुण नसतात, पण नोंद करायचीच असते. काकी जरा चिडूनच म्हणाल्या, “मी इसरूक नाय गो, माका येळ लागता.”

या आजाराची ओळख मला पाठ्यपुस्तकापेक्षा या वाक्याने जास्त झाली. अल्झायमरमध्ये बहुधा शब्द मुळात साठतच नाही, म्हणून इशाराही फारसा कामी येत नाही. इथे शब्द आत असतो, बाहेर यायला उशीर होतो. आकडे आणि अक्षरं १-अ-२-आ असं आलटूनपालटून जोडताना काकी अडकल्या. मुलाला पुन्हा खोदून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, एकच गिऱ्हाईक असलं तर हिशोब चोख, दोन एकदम आली की आई गडबडते. ‘विसरते’ या शब्दाखाली घरचे काय काय घालतात, ते असं उकरून काढावं लागतं.

एका मिनिटात प्राणी सांगायचे होते. वाघ, कुत्रो, मांजर, आणि शांतता. मग अचानक बांगडो, पेडवे, इसवण, सरंगो, मोरी... मला लिहायला पुरेना. मासे प्राण्यांतच मोडतात, ते धरायचे. पण “काकी, मासे सांगा” असं आपण सुचवायचं नाही. मग तो आकडा दुसऱ्या कुणाशी ताडता येत नाही.

आता जाळं. आंबा घाटात दरड कोसळली की रत्नागिरीची गाडी अणुस्कुऱ्यावरून कोल्हापूर गाठते. पोचते, पण उशिरा. मेंदूचे भाग म्हणजे गावं, त्यांना जोडणारे तंतू म्हणजे रस्ते, आणि डाग म्हणजे ठिकठिकाणच्या दरडी. कुठल्याही दोन गावांतला सर्वांत जवळचा रस्ता किती लांब पडतो, यावरून जाळ्याची कार्यक्षमता काढतात. डागांचं एकूण आकारमान आणि माणसाच्या विचाराचा वेग यांचा मेळ पुष्कळदा नीट बसत नाही. दरड कुठल्या घाटात पडली हे पाहिलं की बराच उलगडा होतो. तंतूंचे रस्ते डिफ्यूजन एमआरआयवरून, म्हणजे मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेने सरकतं ते टिपणाऱ्या स्कॅनवरून, आखतात. कुठले भाग एका लयीत चालतात, ते स्वस्थ पडलेल्या माणसाच्या एफएमआरआयवरून, म्हणजे मेंदूचं चालू काम टिपणाऱ्या स्कॅनवरून, कळतं. ही दुसरी वाट १९९५ मध्ये भारत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी दाखवली.

या दुसऱ्या वाटेवर मी सणकून आपटले. रुग्णांमध्ये जवळचे दुवे घट्ट आणि लांबचे सैल, असा देखणा निकाल आला. मी स्लाइडही करून टाकली. सरांनी एकच विचारलं, “डोकं किती हललं?” स्कॅनमध्ये डोकं हललं की नेमकं असंच चित्र उमटतं, आणि आमचे रुग्ण निरोगी गटापेक्षा जास्त हलले होते. हलण्याचा हिशोब घातल्यावर माझा निकाल पार फिका पडला. शिवाय एफएमआरआय मोजतो रक्तातल्या ऑक्सिजनचे बदल. आजारच रक्तवाहिन्यांचा, म्हणजे मोजपट्टीच थोडी वाकलेली. तंतूंच्या नकाशालाही डागांपाशी वाट चुकायची खोड आहे. नवख्याने आकडा दिसला की आधी संशय घ्यावा.

कोडिंगला घाबरू नका, ते येतं. ओपनन्यूरो या वेबसाइटवर स्कॅन मोफत मिळतात. घरी बसून एफएसएल हे स्कॅन तपासायचं सॉफ्टवेअर चालवून बघा. लॅपटॉप रात्रभर चालू ठेवायची तयारी हवी, आणि पावसाळ्यात वीज जाते हे धरून चाला.

आमचं स्कॅनर घाटापलीकडे होतं. पहाटेच्या एसटीने निघालेली, वळणांवर उलट्या झालेली आजी अकरा वाजता चाचणीला बसली की गुण कमीच येणार, त्यात तिच्या मेंदूचा काय दोष? आम्ही शेवटी चाचणी आदल्या आठवड्यात त्यांच्या ओटीवरच घ्यायला लागलो. स्कॅनच्या दिवशी नुसतं झोपायचं. तरी खोकल्याची गोळी मी सोबत ठेवायचे.