रिअ‍ॅक्टमध्ये दोन कंपोनंटना एकच माहिती पुरवताना

रिअ‍ॅक्ट या इंटरफेस बनवण्याच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत सर्च बॉक्स आणि त्याखालची वस्तूंची यादी हे शेजारशेजारचे दोन कंपोनंट (पानाचे स्वतंत्र घटक) असतील, तर शोधशब्द दोघांकडे वेगवेगळा साठवू नये; तो त्यांच्या सर्वांत जवळच्या सामाईक पालक कंपोनंटच्या स्टेटमध्ये (कंपोनंट स्वतःकडे लक्षात ठेवतो ती बदलती माहिती) ठेवावा, यादीला प्रॉप (पालकाकडून मिळणारी माहिती) म्हणून द्यावा आणि सर्च बॉक्सला त्यासोबत तो बदलणारे फंक्शनही द्यावे. बॉक्समध्ये ‘चहा’ टाइप होताच पालक पुन्हा रेंडर होतो (त्याचे दृश्य नव्याने तयार होते) आणि यादीत चहाच्याच वस्तू उरतात. या गाळून उरलेल्या यादीसाठी निराळे स्टेट करू नये (हा घोळ मीही घातला आहे), कारण ती रेंडर करतानाच मूळ यादीवरून काढता येते. तेच प्रॉप चार-पाच थर खाली पोचवावे लागत असेल, तर २०१८ मध्ये रिअ‍ॅक्टच्या १६.३ आवृत्तीत सध्याच्या रूपात आलेले कॉन्टेक्स्ट (मधल्या थरांतून प्रॉप न पाठवता खालच्या कंपोनंटना थेट माहिती देण्याची सोय) वापरावे. मात्र त्यातील मूल्य बदलले की ते वाचणारा प्रत्येक कंपोनंट पुन्हा रेंडर होतो.