व्हेक्टरला स्वतःचा अ‍ॅलोकेटर जोडण्यापूर्वी
सी++ मधील व्हेक्टरसाठी (वाढू शकणाऱ्या यादीसाठी) स्वतःचा अ‍ॅलोकेटर, म्हणजे तिला मेमरी देणारा आणि परत घेणारा भाग, लिहायला घेण्यापूर्वी एकाच प्रश्नाचे उत्तर पक्के करावे: एका अ‍ॅलोकेटरने दिलेली मेमरी दुसऱ्याला परत घेता येते का? येत असेल, तरच त्यांच्या तुलनेने ‘समान’ म्हणावे. मागच्या वेळी माझा प्रत्येक अ‍ॅलोकेटर आपापल्या अरीनाचा (ज्यातून तो मेमरी वाटतो त्या राखीव साठ्याचा) पॉइंटर बाळगत असूनही मी तुलनेच्या ऑपरेटरमध्ये सरळ ‘ट्रू’ लिहिले होते. मूव्ह असाइनमेंटच्या वेळी, म्हणजे एका व्हेक्टरमधला मजकूर कॉपी न करता दुसऱ्यात हलवताना, लायब्ररीने त्यावर विश्वास ठेवून घटक एकेक हलवण्याऐवजी अख्खा ब्लॉकच उचलला, अ‍ॅलोकेटर मात्र जुनाच राहिला, आणि पहिल्या अरीनातला ब्लॉक दुसऱ्या अरीनाच्या फ्री लिस्टमध्ये (मोकळ्या ब्लॉकच्या यादीत) जाऊन पडला. प्रोग्रॅम कोसळला तो बऱ्याच वेळाने, भलत्याच फंक्शनमध्ये. म्हणून तुलना अरीनाच्या पॉइंटरचीच करावी.

अ‍ॅलोकेट आणि डीअ‍ॅलोकेट लागतातच. बाकी बरेचसे सी++११ पासून अ‍ॅलोकेटर ट्रेट्स हा लायब्ररीतला मधला थर सांभाळतो. अ‍ॅलोकेटला मिळणारा आकडा घटकांचा असतो, बाइट्सचा नव्हे. घटकांची संख्या आणि घटकाचा आकार यांचा गुणाकार ओव्हरफ्लो होत नाही ना, हेही तपासावे. अलाइनमेंट (घटकाचा पत्ता ठरावीक पटीत असण्याची अट) विसरू नये. मेमरी संपल्यास नल परत न करता एक्सेप्शन फेकावे. दुसऱ्या टाइपच्या अ‍ॅलोकेटरपासून बनणारा कन्स्ट्रक्टर हवा आणि त्यात अरीनाचा पॉइंटर पुढे न्यायलाच हवा, नाहीतर तुलना पुन्हा खोटी ठरते.

अरीना केवळ पुढे सरकणारी असेल, तर रिझर्व्ह (लागणारी जागा आधीच मागून ठेवणे) अनिवार्य समजावे. क्षमता १ पासून दुप्पट होत गेली, तर ती १०२४ वर पोहोचेपर्यंत १०२३ घटकांची जुनी जागा अरीनात मृत पडून राहते, कारण व्हेक्टरने सोडलेला ब्लॉक तेथे पुन्हा वापरला जात नाही.

आता पुन्हा तुलनेकडे, कारण प्रोपगेशनचे, म्हणजे व्हेक्टरसोबत अ‍ॅलोकेटरही पुढे जावा का याचे, निर्णय तिच्याशीच बांधलेले आहेत. कॉपी असाइनमेंट, मूव्ह असाइनमेंट आणि स्वॅप या तिन्हींचे प्रोपगेशन मुळात बंद असते. ते बंद असताना असमान अ‍ॅलोकेटरचे व्हेक्टर स्वॅप केल्यास वर्तन अनिर्धारित ठरते, तर मूव्हमध्ये घटक एकेक हलतात आणि जुने इटरेटर (घटकांकडे बोट दाखवणारे) निकामी होतात. ते मान्य नसेल तर प्रोपगेशन चालू करावे, तुलनेला खोटे बोलायला लावू नये.

अरीना व्हेक्टरच्या आधी घोषित करावी. डीअ‍ॅलोकेटमध्ये आलेला पॉइंटर आपल्याच हद्दीतला आहे, असा असर्ट (चालू असताना होणारी तपासणी) घालावा. चाचणी दोन अरीनांवर घ्यावी. एकीवर ही चूक दिसतच नाही.