इटलीला निघालात? चिवडा घ्या अन् ऐका

आम्ही मे महिन्यात गेलो. नागपूरच्या उन्हातून सुटलो हाच अर्धा आनंद. रोमला पाणी विकत घेऊ नका बाप्पा! जागोजागी 'नासोनी' नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात, बाटली भरून घ्या. फ्लॉरेन्सची उफीझी आर्ट गॅलरी सोमवारी बंद. आम्ही न बघता नेमके सोमवारीच दारात उभे! ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

कॉफी उभ्यानंच प्या, बर्डीवर टपरीवर चहा पितो तशी. टेबलाशी बसलात की तीच कॉफी बहुतेक ठिकाणी महाग पडते. बिलात 'कोपेर्तो' दिसलं तर भांडू नका, तो माणशी बसण्याचा आकार.

रोमात 'काचो ए पेपे' खाच: पास्ता, पेकोरिनो चीज, काळी मिरी, बस्स. सावजीवर वाढलेल्या जिभेला पहिला घास फिक्का लागतो, तिसऱ्याला मिरी बोलू लागते. पण कट्टर शाकाहारी असाल तर जपून, ते चीज करताना दूध कोकराच्या जठरातल्या रसानं फाडतात. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी सहसा मिळत नाही. तोवर सासूबाईंना चिवडाच तारतो.